कांद्याच्या शेतावरची खिडकी

बस चढण चढून चौकाच्या वळणाला आली तेव्हा रोसाल्बा पिराकोकाला आपली खिडकी दुसऱ्याच्या पुस्तकावर दिसली. बसायला जागा नव्हती. एका हाताने वरची दांडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, आणि खांद्यावरून घसरणारी लोकरीची रुआना हनुवटीखाली दाबून ठेवलेली. शुक्रवारची सकाळ, तुन्हाचं नेहमीचं धुकं काचांना चिकटून बसलेलं. परदेशातल्या, बिल्बाओच्या विद्यापीठाकडून पत्र आलं होतं. मंगळवारी ऑनलाइन समारंभ, त्यांच्या आणि ती शिकवते त्या तुन्हाच्या विद्यापीठाच्या सहा वर्षांच्या सहकार्याचा, आणि त्यातच प्राध्यापक इन्यीगो लार्राउरी यांच्या पुस्तकाचं प्रकाशन व गौरव. खाली पुस्तकाचं मुखपृष्ठ. पेन्सिलीने काढलेली लाकडी चौकट, तिच्यातून तिरक्या गेलेल्या पातीच्या कांद्याच्या ओळी, पलीकडे तळं, आणि डाव्या कोपऱ्यात तीन पायांचं कुत्रं. ‘न पाहिलेल्या खिडक्या’, आणि त्याखाली, ‘लार्राउरी पद्धत’. तिने बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं. पत्राबरोबर पहिली काही पानंही जोडलेली होती. आभाराच्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत ती होती. ‘कोलंबियातील स्थानिक समन्वयाबद्दल आर. पिराकोका.’ रोसाल्बासुद्धा नाही, आर. तळपायाची आग मस्तकात गेली. मागून एक म्हातारा म्हणाला, “बाई, उतरणार आहात की इथेच घर करणार?” तेव्हा तिला कळलं की आपला थांबा मागे पडला.

दोन थांबे ती उलट चालत आली. चालताना तिने त्याला एवढ्या शिव्या घातल्या की शेवटी त्यातली चव गेली. लार्राउरी पद्धत म्हणे. मेल्याला सहा वर्षांपूर्वी पद्धत म्हणजे काय ते ठाऊक तरी होतं का? त्याच्याकडे होतं काय, तर बिल्बाओचं नाव, मागे पांढरं पुस्तकांचं कपाट आणि परिसंवादाला उपयोगी पडणारा घोगरा आवाज. नगररचनेच्या मुलांनी परदेश पाहावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण तिच्या वर्गातल्या चाळीस पोरांपैकी विमानाचं तिकीट परवडणारी दोन. म्हणून इंटरनेटवरून एकत्र वर्ग घ्यायचा ठरला, आणि त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, “मग करायचं काय सहा आठवडे? ओळखी झाल्या, हवामान सांगून झालं, पुढे?” तेव्हा तिने खिडकी काढली. एक पोरगं तुन्हात, एक बिल्बाओत, अशी जोडी. एकाने आपल्या घरच्या खिडकीपाशी बसायचं आणि वीस मिनिटं सांगायचं, दुसऱ्याने नुसतं ऐकून काढायचं. फोटो दाखवायचा नाही, कॅमेरा बंद. आणि सांगताना फक्त काय दिसतं, काय ऐकू येतं तेवढंच. सुंदर, उदास, गरीब, असले शब्द वर्ज्य. सहाव्या आठवड्यात चित्र आणि खरी खिडकी शेजारी शेजारी ठेवायची. पहिल्या वर्षी बिल्बाओची एक मुलगी ते बघून रडली होती आणि इन्यीगो तोंडात पेन धरून बसला होता. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं की हा माणूस काहीतरी गिळतो आहे.

खिडकी तशी तिला शोधावी लागलीच नव्हती. आई दुसऱ्यांच्या घरी इस्त्रीला जायची. वरच्या आळीत, डॉक्टरांकडे, वकिलांकडे. संध्याकाळी घरी आली की पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि रोसाल्बा आणि थोरली ओमायरा पावाच्या कागदी पिशव्या चित्रासाठी फाडून सपाट करून तिच्यासमोर बसायच्या. आज कुठली खिडकी, आई? मग ती सांगायची, त्या घराच्या खिडकीतून दिसलेलं, एकेक वस्तू, उजवीकडून डावीकडे, कपड्याच्या सुरकुत्या काढाव्यात तशी. ओमायरा विचारायची, छान होतं का गं? आई म्हणायची, मला काय वाटलं ते कुणी विचारलेलं नाही, जे आहे ते काढ. त्यांच्या स्वतःच्या घराला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता. हे रोसाल्बाने कुठे लिहिलं नव्हतं. परिसंवादांमधून ती सांगायची की ही पद्धत ‘प्रत्यक्ष क्षेत्रकार्यातून’ विकसित झाली. इस्त्रीवाली आई सभागृहात कशी आणायची, हा प्रश्न तिला प्रत्येक वेळी पडायचा आणि प्रत्येक वेळी घड्याळ पाहून ती पुढच्या मुद्द्याकडे जायची.

शनिवारी दुपारी तिने जुन्या तासांची रेकॉर्डिंगं उघडली. सगळी होती, सहा वर्षांची. सुरुवातीला ती स्वतः बटण दाबायची; पुढे ऑनलाइन खोलीचं दार उघडलं की रेकॉर्डिंग आपोआप सुरू व्हावं, अशी व्यवस्था तिने मुद्दाम करून ठेवली होती, ती युरानीसाठी. युरानी फाग्वा, तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावातली. सोमवारी कांदा निघतो, म्हणून सोमवारी ती घरीच असायची. घरी नेटवर्क नाही, म्हणून गावच्या दुकानात उभं राहून दुकानाच्याच फोनवरून वर्गात यायची. पडद्यावर बाकीच्यांचे चेहरे आणि मध्ये एक काळा चौकोन, त्यावर नाव ‘तिएन्दा एल पोर्वेनिर’, म्हणजे ते दुकान. मधेच दुकानदाराचा आवाज यायचा, “बटाटे किती?” आणि बिल्बाओची पोरं हसायची. सगळेच तिला ‘दुकान’ म्हणायचे, रोसाल्बासुद्धा. तास मधेच तुटायचा, मग तिला नंतर ऐकता यावा म्हणून हे रेकॉर्डिंग. दुकानातून घराची खिडकी दिसत नव्हतीच, पोरगी डोळे मिटून पाठ म्हटल्यासारखी सांगायची. नियमात बसत नव्हतं, पण रोसाल्बाने चालवून घेतलं, कारण सहा वर्षांत तसं कुणी सांगितलं नव्हतं. कांद्याच्या ओळी कुठे वाकतात, तळं कुठल्या फांदीपर्यंत येतं, कुत्रं कुठल्या तीन पायांवर उभं असतं. हीच ती खिडकी, जी आता लार्राउरीच्या पुस्तकावर बसली होती.

तिला हवी ती तारीख तिच्या डोक्यात कोरलेली होती. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, शेवटचा सोमवार. आदल्या दिवशी, दर हिवाळ्याआधी जातात तशी, बिल्बाओची घड्याळं एक तास मागे गेली होती, इकडची कधीच हलत नाहीत, त्यामुळे आठचा तास त्या दिवसापासून नऊला सुरू व्हायचा होता. तिने रविवारी संध्याकाळी मुलांना निरोप टाकला आणि आठ ते नऊ हा रिकामा तास तिने आणि इन्यीगोने सहकार्याच्या अहवालासाठी ठेवला. रेकॉर्डिंगमध्ये पडद्यावर फक्त त्या अहवालाचं पान होतं आणि त्यावर दोघांचे आवाज. एकविसाव्या मिनिटाला पुढेमागे पुस्तक काढायचा विषय निघाला आणि इन्यीगो म्हणाला, “कल्पना तुझी आहे, हे मला काय ठाऊक नाही? पण रोसाल्बा, पिराकोका हे नाव मुखपृष्ठावर? उच्चारता उच्चारताच माणूस पुस्तक खाली ठेवेल. तू मुलं दे, मी नाव देतो. तुझी पोरं म्हणजे या चित्रातला रंग आहे. आणि रंगाला कुणी सही विचारतं का?” तिने ते चार वेळा ऐकलं. दर वेळी छातीत काहीतरी गरम, जवळजवळ सुखाचं असं हलायचं. सापडलास. स्वतःच्या तोंडाने, तारीख-वेळेसकट. त्याच्या वाक्यानंतर एक हसू होतं, बाईचं, आणि त्या हसण्यापाशी ती दर वेळी थांबवायची. पुढे तिने काहीतरी उत्तर दिलं होतं, असंच, वेळ मारून न्यायला, माणूस फोनवर देतो तसं. ते ऐकायची गरज नव्हती. तिने प्रश्नचिन्हापाशी कापलं. एकोणीस सेकंद.

रविवारी ओमायराने ओट्यावर अल्मोहाबानाचं पीठ मळता मळता ते एकोणीस सेकंद ऐकले. ती बाजारात तेच चीज घातलेले पाव विकायची आणि बहिणीच्या विद्यापीठाबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. हात पिठात, मान वाकडी, डोळे मिटलेले.

“आणि तू काय म्हणालीस त्याला?”

“मी काय म्हणणार? हसले.”

“हसलीस.”

“अगं, साहेब माणूस, सहकार्य चालू होतं, पैसे त्यांच्याकडून येत होते. तोंडावर थुंकू?”

“मी कुठे म्हणते थुंक? मी म्हणते हसलीस.” ओमायराने गोळा उचलून पुन्हा ओट्यावर आपटला. “आणि मंगळवारी हे सगळ्यांसमोर लावणार तू?”

“तुन्हातर्फे तीन मिनिटं शुभेच्छांची आहेत. ती माझी आहेत. दोन्हीकडचे मोठे लोक असतील. त्याच्या गळ्यात हार पडायच्या आधी मी हे लावणार.”

“लाव. उपाशीपोटी लावू नकोस, सुमर्से, पित्त होतं.” सुमर्से ही तुन्हाकडची आदराची आणि मायेची हाक. ओमायराने पिठाचा गोळा उलटा केला. “तुझं नाव गेलं म्हणून जळतेस, ते बरोबर आहे. पण त्या तुझ्या अहवालात आईचं नाव कुठेय? मी बघितला होता. चकचकीत कागद होता.”

“आईने पद्धत काढली नव्हती.”

“नाही ना. तिने इस्त्री केली.”

रोसाल्बा उठून खोलीत गेली. हिला काय कळतंय. शाळा चौथीत सुटली आणि तेव्हापासून जगाला न्याय द्यायची पाटी दारावर लावून बसली आहे. पण अहवाल म्हटल्यावर तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्याचा तिला राग आला. अहवाल छापून आला त्या आठवड्यात युरानी विभागाच्या व्हरांड्यात थांबली होती. बुटांना कांद्याच्या शेतातली काळी माती. हातात अहवाल, मधलं पान उघडं. त्या पानावर खिडकीचं कथन होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि वर ‘एका ग्रामीण विद्यार्थिनीचे निरीक्षण’. “प्रोफे, हे माझं आहे ना?” “तुझंच गं बाई, दुसरं कुणाचं इतकं छान असणार?” “नाव नाही.” “नियम असतात, मुलांची नावं छापता येत नाहीत.” असा नियम होता की नव्हता हे तिने कधी बघितलं नव्हतं. पोरगी एवढंच म्हणाली, “बरं, प्रोफे,” आणि पान नीट मिटून गेली. त्याच अहवालावर रोसाल्बाची बढती झाली. पण ते वेगळं, तिने मनात म्हटलं. ते अगदी वेगळं आहे, मी तिला शिकवलं, मी तिला दुकानातून वर्गात येऊ दिलं, रेकॉर्डिंग दिलं. तिने दिवा लावला आणि मंगळवारी कुठला कोट घालायचा ते पाहत बसली.

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ती टेबलाशी होती. विद्यापीठातल्या इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून घरून. निळा कोट, ओठांना लाली, समोर गरम चांग्वाचा वाडगा, दुधातलं अंडं ओमायराने मोडू न देता सोडलेलं. तिने तो चाटूनपुसून संपवला. खोली तिने उघडली, म्हणून खोलीची मालकीण ती. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बोलू द्यायचं, कुणाचा आवाज बंद करायचा, सगळं तिच्या उजव्या हाताखाली. रेकॉर्डिंगचा तांबडा ठिपका आपोआप पेटला. चौकोन भरत गेले, पन्नास, ऐंशी, एकशे चौदा. गेल्या सहा वर्षांतले विद्यार्थी, काहींना आता दाढ्या, एकीच्या मांडीवर बाळ. उपकुलगुरू टाय घालून. आणि पांढऱ्या कपाटासमोर इन्यीगो, त्याच त्या घोगऱ्या आवाजाचा, जरा जाडावलेला. “आमची रोसाल्बा,” तो म्हणाला, “आमचा तुन्हातला खांब. कशा आहात, सुमर्से?” तो शब्द तो तिच्याकडूनच शिकला होता आणि मिठासारखा कशावरही टाकायचा. ती गोड हसली. सूड घ्यायच्या आधी असं गोड हसता येतं, हे तिला नव्याने कळत होतं. डावीकडे खाली एक काळा चौकोन उगवला. तिएन्दा एल पोर्वेनिर. आली पोरगी. बरं झालं, तिलाही ऐकू दे की आपल्याला ‘रंग’ म्हणणारा हा कोण आहे. तिच्याही वतीने मी हे करते आहे, असं रोसाल्बाच्या मनात आलं, आणि ते इतकं चांगलं वाटलं की तिने पाठ ताठ केली.

उपकुलगुरू बोलले. बिल्बाओच्या कुणी बाई बोलल्या, लार्राउरी पद्धतीमुळे भिंती कशा पडल्या ते. मग तिची तीन मिनिटं. “मी शुभेच्छा बोलून देणार नाही,” रोसाल्बा म्हणाली. “पद्धतीचा जन्म कसा झाला ते प्राध्यापकांच्याच तोंडून ऐकू या.” आणि लावलं. एकोणीस सेकंद हा किती मोठा काळ असतो. ‘कल्पना तुझी आहे’ला त्याच्या भुवया वर गेल्या, जुनी ओळख लागल्यासारख्या. ‘उच्चारता उच्चारता’ला कान लाल झाले, आधी उजवा. ‘रंगाला कुणी सही विचारतं का’ला त्याने मान खाली घातली आणि टेबलावरचं काहीतरी शोधायला लागला, जे तिथे नव्हतं. उपकुलगुरूंनी चष्मा काढला. एकशे चौदा चौकोनांत कुणी हललं नाही. ती गोडी रोसाल्बाच्या जिभेवर खरोखर आली, उसाच्या काकवीसारखी, घशापर्यंत उतरली. शुक्रवारपासून, नाही, दोन वर्षांपासून, नाही, वरच्या आळीतल्या त्या सगळ्या घरांपासून तिला हे हवं होतं. कुणीतरी मान खाली घालावी. तिला वाटलं, हे संपूच नये.

मग काळ्या चौकोनावर पिवळा हात उगवला.

तिने लगेच परवानगी दिली. “बोल, युरानी. बोल बेटा, घाबरू नकोस.”

“पुढचं लावा ना, प्रोफे.”

“कसलं पुढचं?”

“ह्याच्या पुढचं. अजून आहे.”

“पुढे काही नाही, बाळा.”

“आहे.” मागे कुणीतरी खोका ओढत होतं, ते थांबलं. “त्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली होती. तुमचा निरोप मला घरी मिळाला नाही, घरी फोन नाही. मी आठलाच दुकानात आले. दार उघडं होतं, आत आले. तुम्ही दोघं कागद बघत होता. मला वाटलं, तास सुरू झालाय, म्हणून गप्प राहिले.”

रोसाल्बाचा उजवा हात हलला. नाव समोर होतं, नावापुढे माईकचं चिन्ह, एक बोट टेकलं की आवाज बंद. नेटवर्क गेलं म्हणता येईल, त्या गावात रोजच जातं. बोट तिथपर्यंत गेलं आणि तिथे राहिलं. इन्यीगोची खाली गेलेली मान सावकाश वर येत होती. त्याला ते पुढचं आठवत होतं. तिलाही आता आठवलं, आणि विशेष म्हणजे ते ती कधी विसरलीच नव्हती.

“नियमाने सांगते,” युरानी म्हणाली. “दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच.” आणि तिचा आवाज बदलला. खिडकी सांगतानाचा तो आवाज, सपाट, डोळे मिटलेला. “पडद्यावर एक पान आहे. पानावर माझी खिडकी आहे. पुरुषाचं बोलणं संपतं. बाई हसते. एकदा थांबते, पुन्हा हसते. बाई म्हणते, ‘मग त्या दुकानवालीलाच पुढे करू. तिला धड चार वाक्यं बोलता येत नाहीत, पण तिच्या खिडकीत चिखल आहे, लंगडं कुत्रं आहे. तुमच्याकडचे लोक ढसाढसा रडतील. गरिबी चित्रात गोड दिसते.’ पुरुष हसतो. बाई कपात चमचा फिरवते. बाई विचारते, किती वाजले तुमच्याकडे? पुरुष म्हणतो, अजून अर्धा तास आहे. इथे दुकानात एक गिऱ्हाईक येतं, बटाटे मागतं. मी फोन काउंटरवर उलटा ठेवते आणि बटाटे मोजते, अडीच किलो.”

ओमायरा केव्हा दारात येऊन उभी राहिली ते रोसाल्बाला कळलं नाही. ओमायराने टेबलावरचा रिकामा वाडगा उचलला आणि तो हातात धरून तिथेच उभी राहिली. इन्यीगो ओठांना पाण्याचा पेला लावत होता आणि पेल्याच्या काठावरून तिच्याकडे बघत होता, चांगला जुना मित्र बघतो तसा. उपकुलगुरूंचा चष्मा अजून हातातच होता. पण रोसाल्बा त्या काळ्या चौकोनाकडे बघत होती. तिथे चेहरा नव्हता, तरी तिला तो दिसत होता, कारण शुक्रवारपासून आरशात ती तोच बघत होती. जिभेवर आत्ता काय उतरत असेल त्या पोरीच्या, किती गोड, कुठपर्यंत, हे या एकशे चौदा माणसांत फक्त तिला माहीत होतं. दोन वर्षं थांबली पोरगी. बरं प्रोफे, बरं प्रोफे, करत.

“झालं का, युरानी?” तिने विचारलं. आवाज आईसारखा निघाला, पाय पाण्यात सोडलेल्या वेळचा.

“अजून थोडं आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं सांगते. चौकट माझ्या आजोबांनी केली, नाव सिल्व्हेस्त्रे फाग्वा. कांदा आईचा, नाव आना दोलोरेस. सांगणारी मी, युरानी मार्सेला फाग्वा.” मागे कुणीतरी दुकानात शिरल्याचा आवाज आला. “आणि कुत्र्याचं नाव कापितान. ते लंगडं नाही, प्रोफे, त्याला पायच तीन आहेत. तुम्ही शिकवलंत, आहे ते सांगायचं.”

चौकोन गेला. कोपऱ्यातला तांबडा ठिपका पेटलेलाच होता. ज्यांचा तास मधे तुटतो त्यांना नंतर सगळं ऐकता यावं, म्हणून तिनेच तो तसा करून ठेवला होता.